पाचोळ्यातले विष आणि रेचल कार्सन

आपल्या नाशिक शहराला मोगलांच्या काळात गुलशनाबाद असे नाव होते. गुलशन म्हणजे बाग, हे तुम्हांला वेगळे सांगायला नकोच. आजही नाशिक जिल्हा हा बागांचाच जिल्हा आहे. निफाड आणि दिंडोरी तालुक्यांत द्राक्षांचे मळे आहेत. मालेगाव आणि सटाण्याकडे डाळिंबाच्या बागा आहेत. पश्चिमेला पेठ, सुरगाणा, हरसूल या भागांत सागाची जंगले आहेत. बाग आणि जंगल म्हटले, की झाडे आली, फुले आली आणि पाखरेही आलीच.

आता अशी एक बाग डोळ्यांसमोर आणा. झाडे हिरवीगार आहेत. पाने टवटवीत आहेत. त्यांवर कीड नाही. पण पहाट झाली, तरी एकही पाखरू गात नाही. अशी बाग तुम्हांला आवडेल का?

अमेरिकेत सुमारे पासष्ट-सत्तर वर्षांपूर्वी काही गावांवर अशी पाळी आली. झाडे वाचवण्यासाठी लोकांनी औषध फवारले आणि पाखरे मेली. असे का झाले, झाडावर मारलेले औषध शेवटी जाते कुठे, हा प्रश्न एका बाईने साऱ्या जगाला विचारला. त्या बाईचे नाव रेचल कार्सन. तिच्याजवळ ना पैसा होता, ना सत्ता. तिच्याजवळ होती विज्ञानाची जाण, सोपी भाषा आणि न डगमगणारे मन.

रेचलचा जन्म २७ मे १९०७ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात स्प्रिंगडेल या छोट्या गावी झाला. तीन भावंडांत ती सर्वांत धाकटी. घरची परिस्थिती बेताचीच होती. पण घराभोवती रान होते, फळझाडे होती, ओढे होते. आई मारिया लग्नाआधी शिक्षिका होती. ती लहानग्या रेचलला घेऊन रानात फिरायची. पाखरे ओळखायला, किडेमुंग्या न्याहाळायला शिकवायची. रानात दिसलेला किडा न मारता परत रानातच सोडायचा, हे वळण रेचलला आईकडून मिळाले.

रेचलला वाचनाचे आणि लेखनाचे वेड होते. वयाच्या अकराव्या वर्षी, म्हणजे १९१८ साली, तिची एक गोष्ट मुलांच्या मासिकात छापून आली. पुढे लेखिका व्हायचे, म्हणून तिने महाविद्यालयात इंग्रजी साहित्य हा विषय घेतला. पण तेथे जीवशास्त्र शिकवणाऱ्या मेरी स्किंकर या बाई तिला गुरू म्हणून लाभल्या. त्यांच्या शिकवण्याने रेचल भारावून गेली. तिने साहित्य सोडले आणि जीवशास्त्र घेतले. आपले लेखन आता संपले, असे तिला वाटले. पुढे याच दोन गोष्टी तिच्या आयुष्यात हातात हात घालून चालणार होत्या, हे तेव्हा तिला कुठे ठाऊक होते!

१९२९ साली ती पदवीधर झाली. त्याच वर्षी उन्हाळ्यात वुड्स होल येथील सागरी प्रयोगशाळेत तिला काम करायला मिळाले. पुढे १९३२ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून तिने प्राणिशास्त्राची उच्च पदवी मिळवली. तिला आणखी शिकायचे होते. पण घरची ओढाताण आड आली. १९३५ साली वडील वारले. घराचा भार रेचलवर पडला.

तिला सरकारच्या मत्स्य विभागात काम मिळाले. सुरुवातीला समुद्रातील जीवांवर रेडिओसाठी लेख लिहायचे, एवढेच ते काम होते. १९३६ साली त्याच विभागात ती जीवशास्त्रज्ञ म्हणून कायम झाली. त्या काळी अशा जागी बाई दिसणे ही नवलाईची गोष्ट होती. वर्षभरातच थोरली बहीण दोन लहान मुली मागे ठेवून वारली. रेचलने आणि तिच्या आईने त्या मुलींना आपल्या घरी आणले आणि वाढवले. दिवसा कचेरी आणि रात्री लेखन, असा रेचलचा दिनक्रम सुरू झाला.

रेचलबाईंचे पहिले पुस्तक १९४१ साली निघाले. ते समुद्रावर होते. पण महायुद्धाच्या धामधुमीत ते फारसे खपले नाही. बाई खचल्या नाहीत. दहा वर्षांनी, १९५१ साली, त्यांचे 'द सी अराउंड अस' हे पुस्तक आले. आपल्या भोवतीचा समुद्र, असा त्या नावाचा अर्थ. हे पुस्तक घरोघरी वाचले गेले. त्याला मोठा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. विज्ञानासारखा विषय इतक्या गोड भाषेत लिहिता येतो, हे पाहून लोक थक्क झाले. १९५२ साली त्यांनी नोकरी सोडली आणि पूर्ण वेळ लेखनाला वाहून घेतले.

आता थोडा वेळ आपण रेचलबाईंना समुद्रकिनारी सोडू आणि एका पांढऱ्या भुकटीची ओळख करून घेऊ. तिचे नाव डीडीटी. १९३९ साली पॉल म्युलर या स्विस शास्त्रज्ञाला असे आढळले, की ही भुकटी किडे झटपट मारते. दुसऱ्या महायुद्धात तिने सैनिकांना उवांपासून आणि डासांपासून वाचवले. १९४८ साली म्युलर यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या देशावरही डीडीटीचे उपकार आहेत, हे विसरून चालणार नाही. स्वातंत्र्याच्या वेळी भारतात दरवर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांना मलेरिया होई आणि सुमारे आठ लाख लोक मरत. १९५३ साली सरकारने देशभर मोहीम काढली. कर्मचारी घरोघरी जाऊन भिंतींवर डीडीटी फवारत. १९६५ पर्यंत रुग्णांची संख्या सुमारे एक लाखावर आली. घरातील वडीलधाऱ्या माणसांना विचारा. भिंतींवरचे ते पांढरे डाग त्यांतल्या काहींना अजून आठवत असतील.

अशा गुणी औषधावर लोकांचा विश्वास बसला, यात नवल ते काय? पण थोडे वापरले तर गुण येतो, म्हणून भरपूर वापरले तर भरपूर गुण येईल, असे अनेकांना वाटू लागले. अमेरिकेत विमानांतून जंगलांवर, शेतांवर आणि गावांवर डीडीटीचा पाऊस पडू लागला. खाली तळी होती, ओढे होते, पाखरांची घरटी होती. त्यांचा विचार कोणी केला नाही.

१९५८ साली जानेवारी महिन्यात रेचलबाईंना त्यांच्या मैत्रिणीचे एक पत्र आले. तिचे नाव ओल्गा हकिन्स. मॅसॅच्युसेट्स राज्यात तिने पाखरांसाठी एक राखीव जागा सांभाळली होती. डास मारण्यासाठी तिच्या परिसरावर विमानातून डीडीटी फवारले गेले आणि तिची पाखरे तडफडून मेली. कोणीतरी हे थांबवावे, अशी तिची तळमळ होती. रेचलबाईंनी या विषयावर दुसऱ्या कोणी लिहावे म्हणून प्रयत्न केला. कोणी तयार होईना. मग त्यांनी स्वतःच लेखणी उचलली.

त्या वेळी त्यांची घरची स्थिती कशी होती, पाहा. ज्या भाचीला त्यांनी वाढवले होते, ती १९५७ साली वारली होती. तिच्या पाच वर्षांच्या मुलाला, रॉजरला, रेचलबाईंनी दत्तक घेतले होते. १९५८ च्या डिसेंबरात त्यांची आईही गेली. घरात लहान मूल, मनात दुःख आणि समोर हे एवढे मोठे काम. तरी त्या रोज टेबलाशी बसत. शास्त्रज्ञांना पत्रे लिहीत. अहवाल मागवून वाचत. एखादी गोष्ट दोन-तीन ठिकाणांहून पारखून घेतल्याशिवाय त्या कागदावर उतरवत नसत.

या अभ्यासात त्यांच्यासमोर एक विलक्षण गोष्ट आली. ती मिशिगन राज्यातील एका विद्यापीठाच्या आवारात घडली होती. तेथे एल्म नावाचे उंच, डेरेदार वृक्ष होते. त्या झाडांना बुरशीचा रोग लागला. ही बुरशी एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेण्याचे काम साल पोखरणारा एक लहान भुंगेरा करी. तो भुंगेरा मारण्यासाठी १९५४ पासून झाडांवर डीडीटी फवारायला सुरुवात झाली. पन्नास फूट उंचीच्या एका झाडाला दोन ते पाच पौंड, म्हणजे सुमारे एक ते सव्वादोन किलो डीडीटी लागे.

फवारणी झाली. त्या वर्षी तर काही विशेष दिसले नाही. पण पुढच्या वसंतात रॉबिन पक्षी परत आले आणि विद्यापीठाच्या हिरवळीवर पडून मरू लागले. रॉबिन हा आपल्या दयाळ पक्ष्याहून थोडा मोठा, विटकरी छातीचा गाणारा पक्षी आहे. तो थंडीत दक्षिणेकडे जातो आणि वसंतात परततो. हे पक्षी थरथरत, झटके देत आणि मान टाकत. तेथील पक्षितज्ज्ञ जॉर्ज वॉलेस यांना प्रथम वाटले, की हा एखादा रोग असावा. पण लक्षणे विषबाधेची होती.

विष आले कुठून? फवारणीच्या वेळी तर बरेचसे पक्षी तेथे नव्हतेच. रॉय बार्कर या शास्त्रज्ञाने हे कोडे सोडवले आणि १९५८ साली सगळी साखळी मांडून दाखवली. तुम्हीही ती एक एक कडी जोडून पाहा.

झाडावर डीडीटी पडले. पानांवर त्याचा पातळ थर बसला. पावसाने तो धुतला गेला नाही. शरद ऋतूत पाने गळाली. जमिनीवर पाचोळा साचला. हिवाळ्यात तो भिजला आणि कुजू लागला. मातीतील गांडुळांनी ती पाने खाल्ली. एल्मची पाने तर गांडुळांना फार आवडतात. पानांबरोबर डीडीटी गांडुळाच्या अंगात गेले. काही गांडुळे मेली. पण पुष्कळ जगली आणि त्यांच्या अंगात विष साठत गेले. वसंतात पाऊस पडला. गांडुळे वर आली. रॉबिन पक्ष्यांनी ती खाल्ली. अशी अकरा मोठी गांडुळे एका पक्ष्याचा जीव घ्यायला पुरेशी होती. आणि भुकेला रॉबिन तेवढी गांडुळे काही मिनिटांत खातो!

पाहिलेत ना मुलांनो? औषध मारले भुंगेऱ्यासाठी आणि मेला गाणारा पक्षी. औषध आणि पक्षी यांच्या मधे एक वर्ष होते. पाचोळा होता, माती होती आणि मुके गांडूळ होते. गांडुळाला आपण शेतकऱ्याचा मित्र म्हणतो. आपल्या त्या मित्राच्याच हातून नकळत पक्ष्यांना विष वाढले गेले.

आता तुम्ही विचाराल, की एवढ्या दिवसांत ते विष विरून का गेले नाही? याचे उत्तर डीडीटीच्या स्वभावात आणि पाचोळ्याच्या रचनेत आहे. मीठ पाण्यात विरघळते, तसे डीडीटी विरघळत नाही. ते तेलात आणि चरबीत विरघळते. त्यामुळे पावसाच्या पाण्याबरोबर ते सहजासहजी वाहून जात नाही. उलट कुजलेल्या पानांना ते घट्ट चिकटून बसते. जंगलातील जमिनीवर पाचोळ्याचा जाड थर असतो. टीपकागद जशी शाई टिपून घेतो, तसा हा थर वरून पडलेले विष टिपून घेतो. म्हणून जंगलातील मातीत असे विष मुख्यतः वरच्या काही बोटे थरातच सापडते.

शिवाय दाट झाडीखाली ऊन पोहोचत नाही. उन्हाने जे विष फुटले असते, ते सावलीत तसेच राहते. मातीतील सूक्ष्मजीव त्याचे हळूहळू विघटन करतात. पण थंड प्रदेशात त्यांचे काम फार मंद चालते. आणि डीडीटी मोडले, तरी त्यापासून डीडीई नावाचे दुसरे द्रव्य तयार होते. तेही तितकेच चिवट असते. म्हणून मातीतील डीडीटी अर्धे व्हायलासुद्धा दोन वर्षांपासून पंधरा वर्षांपर्यंत काळ लागू शकतो. उष्ण प्रदेशात हा काळ कमी असतो, थंड प्रदेशात जास्त.

पण चिकटून बसणारे विष कायम एका जागी राहते, असे समजू नका. त्याला प्रवासाच्या तीन वाटा आहेत. पहिली वाट मातीची. जोराचा पाऊस आला आणि माती वाहिली, की मातीच्या कणांवर बसून विष ओढ्यात आणि नदीत जाते. दुसरी वाट हवेची. त्याचा थोडा भाग वाफ होऊन वाऱ्याबरोबर दूर जातो. पुढे तर दक्षिण ध्रुवाजवळच्या पेंग्विन पक्ष्यांच्या चरबीतही डीडीटी सापडले. तेथे ना शेत होते, ना फवारणी! तिसरी वाट पोटाची. गांडुळातून पक्ष्यात, माशातून गरुडात, अशा वाटेने ते जाते आणि प्रत्येक टप्प्यावर वाढत जाते.

रेचलबाईंनी कॅनडातील जंगलांचाही अभ्यास केला. १९५४ साली न्यू ब्रन्सविक प्रांतात स्प्रूस वृक्षांची पाने खाणाऱ्या अळीचा नाश करण्यासाठी लाखो एकर जंगलावर विमानांतून डीडीटी फवारण्यात आले. त्या जंगलातून मिरामिची नदी वाहते. तेथे सामन मासे अंडी घालायला येतात. फवारणीनंतर दोनच दिवसांत मेलेले मासे काठाला लागू लागले. माशांच्या पिल्लांचे अन्न असलेले पाण्यातील किडेही मेले. त्या वर्षी जन्मलेली पिल्ले फवारलेल्या भागात जवळजवळ दिसेनाशी झाली. जंगल वाचवायला गेले आणि नदी ओस पडली.

आणखी एक गोष्ट रेचलबाईंनी लक्षात आणून दिली. सतत फवारणी केली, की कमजोर कीड मरते आणि चिवट कीड उरते. तिचीच पुढची पिढी वाढते. मग तेच औषध चालत नाही. हे त्यांचे म्हणणे किती खरे होते, ते पुढे आपल्या देशातही दिसले. १९६५ साली लाखावर आलेला मलेरिया १९७६ साली चौसष्ट लाखांवर गेला. त्याला इतरही कारणे होती. पण डासांना डीडीटी पचू लागले होते, हे त्यांतील एक मोठे कारण होते.

आपण शेतात ज्याची फवारणी करतो, त्याला काय म्हणतो? औषध म्हणतो. उर्दूतही त्याला दवाच म्हणतात. शब्द किती गोड आहे! पण ही द्रव्ये फक्त कीटकांना मारत नाहीत, ती साऱ्या जिवांना इजा करतात. म्हणून त्यांना कीटकनाशक नव्हे, तर जीवनाशक म्हटले पाहिजे, असे रेचलबाईंचे मत होते. मात्र सर्व फवारण्या एकदम बंद करा, असे त्यांनी कधीही म्हटले नाही. औषध कुठे जाते आणि काय करते, हे आधी समजून घ्या. मगच, जेवढे लागेल तेवढेच वापरा, एवढेच त्यांचे सांगणे होते.

पुस्तक निम्मे झाले असताना, १९६० साली, रेचलबाईंना कर्करोग झाल्याचे कळले. शस्त्रक्रिया झाली. उपचारांनी शरीर थकले. काही दिवस तर त्यांना धड चालवेना आणि वाचवेना. पण त्यांनी आपले दुखणे लोकांपासून लपवून ठेवले. आजारी बाई रागाच्या भरात लिहीत आहे, असे म्हणायला विरोधकांना जागा मिळू नये, अशी त्यांची इच्छा होती. आपल्या म्हणण्याचा विचार पुराव्यांवरून व्हावा, दयेवरून नको, असे त्यांना वाटे.

अखेर २७ सप्टेंबर १९६२ रोजी 'सायलेंट स्प्रिंग' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. मुका वसंत, असा या नावाचा अर्थ. पुस्तकाने देशभर खळबळ उडवली. रासायनिक कंपन्या चिडल्या. एका कंपनीने तर प्रकाशकाला न्यायालयात खेचण्याची धमकी दिली. ही बाई शास्त्रज्ञ नाहीच, तिला काही कळत नाही, ती पाखरांच्या प्रेमात वेडी झाली आहे, अशी टीका झाली. हिचे ऐकले, तर रोगराई आणि भूक परत येईल, अशी भीतीही लोकांना घालण्यात आली.

रेचलबाईंनी आरडाओरडा केला नाही. पुस्तकाच्या शेवटी त्यांनी पुराव्यांची मोठी यादी जोडली होती. ती यादीच त्यांच्यासाठी बोलत होती. १९६३ साली एप्रिल महिन्यात त्या दूरदर्शनवर आल्या. लाखो लोकांनी त्यांना पाहिले. एक शांत, दुबळ्या शरीराची बाई हळू आवाजात, पण ठामपणे बोलत होती. लोकांचा त्यांच्यावर विश्वास बसला. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या शास्त्रज्ञांच्या समितीनेही या प्रश्नाचा तपास केला. मे १९६३ मध्ये तिचा अहवाल आला. रेचलबाईंनी दिलेला इशारा योग्य होता, हे त्या अहवालावरून स्पष्ट झाले. पुढच्याच महिन्यात अमेरिकेच्या संसदेच्या समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. तेव्हा त्यांचा आजार खूप बळावला होता.

१४ एप्रिल १९६४ रोजी रेचल कार्सन यांचे निधन झाले. त्या वेळी त्या अवघ्या ५६ वर्षांच्या होत्या. रॉजर बारा वर्षांचा होता. आपल्या कामाचे फळ त्यांना फारसे पाहायला मिळाले नाही. १९७० साली अमेरिकेत पर्यावरण रक्षणासाठी सरकारी संस्था स्थापन झाली. १९७२ साली तेथे शेतीसाठी डीडीटीचा वापर थांबवण्यात आला. डीडीईमुळे गरुडांच्या अंड्यांची कवचे पातळ होत असत आणि अंडी घरट्यातच फुटत असत. १९६३ साली अमेरिकेच्या मुख्य भूमीवर पांढऱ्या डोक्याच्या गरुडांच्या फक्त ४१७ जोड्या उरल्या होत्या. २००७ पर्यंत त्या सुमारे दहा हजार झाल्या. १९८० साली अमेरिकेने आपला सर्वोच्च नागरी सन्मान रेचलबाईंना मरणोत्तर दिला. भारताने १९८९ साली शेतीत डीडीटी वापरण्यावर बंदी घातली आणि ते फक्त रोगनियंत्रणासाठी ठेवले. २००१ साली स्टॉकहोम येथे अनेक देशांनी अशा चिवट विषांविरुद्ध करार केला. भारतही त्यात सामील झाला.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही म्हणाल, की डीडीटी शेतातून गेले, मग आता चिंता कशाची? चिंता नको, पण जागरूकता हवी. डीडीटीची जागा नव्या औषधांनी घेतली. त्यांतील काही लवकर फुटतात, ही चांगली गोष्ट आहे. पण काही पाण्यात सहज विरघळतात. ती पाचोळ्याला चिकटून बसत नाहीत, तर पावसाच्या पाण्याबरोबर खाली झिरपतात आणि विहिरींकडे जाऊ शकतात. एक विष बसून राहते, दुसरे वाहत जाते. म्हणून प्रत्येक औषधाबद्दल रेचलबाईंचा तोच प्रश्न विचारावा लागतो : हे जाते कुठे?

आपल्या जिल्ह्यात या प्रश्नाची पारख रोज होत असते. नाशिकची द्राक्षे युरोपात जातात. त्याआधी प्रयोगशाळेत त्यांची तपासणी होते. द्राक्षात औषधाचा अंश ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त आढळला, तर माल नाकारला जातो. म्हणून शहाणा बागायतदार फवारणीची नोंद ठेवतो आणि तोडणीच्या आधी पुरेसे दिवस जाऊ देतो. फळाची काळजी घेतली जाते, हे उत्तमच. पण द्राक्षबागेची एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये छाटणी होते, तेव्हा पाला आणि काड्या खाली पडतात. तो पाला मातीत कुजतो. त्या मातीतही गांडुळे आहेत. जोराच्या पावसात तीच माती वाहून कादवा आणि गोदावरी या नद्यांना मिळते. या दोन नद्यांच्या संगमाजवळ नांदूर मध्यमेश्वर येथे बंधारा आहे आणि तेथे गाळ साचतो. हिवाळ्यात दूरदूरच्या देशांतून हजारो पाहुणे पक्षी तेथे उतरतात. २०२० साली या पाणथळ जागेला रामसर स्थळ म्हणून जगात मान मिळाला. महाराष्ट्रातील ते पहिलेच रामसर स्थळ. शेतातील माती आणि या पक्ष्यांचे पाणी यांचे नाते किती जवळचे आहे, हे आता तुमच्या ध्यानात आले असेल.

आणखी एक उदाहरण सांगतो. ते कीटकनाशकाचे नाही, पण साखळी तीच आहे. एके काळी आपल्याकडे गिधाडे खूप होती. नंतर ती भराभर कमी झाली. २००४ साली शास्त्रज्ञांना कारण सापडले. दुखऱ्या गुरांना डायक्लोफिनॅक नावाचे वेदनाशामक औषध देत. ते गुरू मेले आणि गिधाडाने खाल्ले, की गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होई. २००६ साली भारताने गुरांसाठी या औषधावर बंदी घातली. त्र्यंबकेश्वरजवळच्या अंजनेरी डोंगरावर आजही गिधाडे राहतात. हरसूलजवळ खोरीपाडा येथे वन विभागाने आणि गावकऱ्यांनी मिळून गिधाडांना सुरक्षित अन्न मिळावे, अशी सोय केली. ज्यांच्या हाती सत्ता नाही, अशी साधी माणसेही निसर्ग राखू शकतात, हे त्यांनी दाखवून दिले.

रेचल कार्सन यांनी तोफा डागल्या नाहीत की मोर्चे काढले नाहीत. त्यांनी पाहिले, वाचले, पारखले आणि लिहिले. घरात दुःख होते, अंगात रोग होता, बाहेर टीकेचा भडिमार होता. तरी खरे ते सांगायचे, हा निश्चय त्यांनी सोडला नाही. माती कोणतीही गोष्ट सहज विसरत नाही, हे त्यांनी आपल्याला शिकवले. आपण तिला जे देतो, ते ती जपून ठेवते आणि केव्हा ना केव्हा कोणाच्या तरी ताटात परत वाढते.

पुढच्या वेळी झाडाखाली पडलेला पाचोळा हाताने थोडा बाजूला करून पाहा. खाली ओलसर काळी माती दिसेल. तिच्यात किडे, बुरशी आणि गांडुळे आपापल्या कामात गुंतलेली दिसतील. त्यांना आवाज नाही, म्हणून ती तक्रार करत नाहीत. त्यांच्या वतीने बोलायला कोणीतरी लागते. एके काळी रेचल कार्सन बोलल्या. आता ती जबाबदारी तुमची आणि आमची आहे.